थारोळ्यावरचा तुकडा

रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा आमच्या मळ्यातली विहीर त्यात गेली. धाकट्या भावाचा फोन आला, बुजवायच्या आधी एकदा बघून जा म्हणाला. मी साताऱ्याहून सकाळच्या एस.टी.नं निघालो. कराड मागं पडलं, उसाचे फड सुरू झाले, तोडीनंतर जाळलेल्या पाचटाचा धूर खिडकीतून आत आला.

पोहोचलो तर अर्धं काम उरकलेलं. थारोळ्याचे दगड उपसून बांधावर टाकले होते. थारोळं म्हणजे विहिरीच्या काठावरचा दगडी हौद. पूर्वी मोट त्यात रिती व्हायची, पुढं इंजिनाच्या पाइपाचं पाणी पडायला लागलं, आणि तिथून ते पाटात उतरून उसाला जायचं. दगडांची वरची बाजू पाण्यानं झिजून काळी, गुळगुळीत झालेली. खालची, कधी ऊन न पाहिलेली, पांढरीफटक. ओल्या चुन्याचा नि डिझेलचा वास अजून तिथं रेंगाळत होता. भाऊ मोबदल्याचं काही सांगत होता, मी हं हं करत होतो. मला त्या दगडांवर एक बाई उभी दिसत होती. अनवाणी, पदर खोचलेला, ओंजळ पुढं केलेली.

ती तिथं आयुष्यात एकदाच उभी राहिली होती, आणि तेही सिनेमासाठी.

भावाला काही बोललो नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहणं. खरं आहे. पण आज दुकान उघडतो. आत फार माल नाही. एकच तुकडा आहे, आणि तोही माझा नाही.

*

आम्ही दोघं एकाच गावचे आणि सांगलीला एकाच कॉलेजात. मी वरच्या आळीचा, ऊसवाल्याचा मुलगा. यशवंत ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आली तेव्हा आम्ही दोघंही पाटीवर अक्षरं गिरवत होतो. गावात आम्ही एकमेकांच्या घरी कधी जेवलो नाही. सांगलीत एका ताटात जेवायचो, एका सायकलवरून घाटावर जायचो. सुट्टीला गावाकडं निघालो की एस.टी.त शेजारी बसायचो, पण गावाचा फाटा जवळ आला की तो उठून मागच्या बाकावर जायचा. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप व्हायचं. मी कधी 'इथंच बस' म्हटलं नाही.

त्या काळाला हळदीचा वास आहे. पेठेत हळदीचे ढीग पडले की ती मातकट, किंचित कडू हवा आमच्या खोलीतल्या पांघरुणापर्यंत यायची. अंगातल्या गंज्या पिवळ्या व्हायच्या. खोलीमालकीण म्हणायच्या, तुम्ही दोघं कायमचे नवरदेव. संध्याकाळी कागदात तिखट चुरमुऱ्यांचं भडंग घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसायचो. खाली कृष्णा संथ, जणू कुठं जायचंच नाही.

पदार्थविज्ञानाच्या सरांकडं परदेशातून आणलेला, चावी देऊन चालणारा एक सिनेमाचा कॅमेरा होता, तळहातात मावेल एवढा. बिघडला म्हणून कपाटात पडलेला. यशवंतनं तो सरांच्या देखत खोलला, वर्तमानपत्रावर स्क्रू मांडले, पुसले, पुन्हा जोडला आणि कानाशी धरून हसला. आत चक्र फिरत होतं. सर म्हणाले, घेऊन जा, संमेलनाला काहीतरी करून दाखवा.

फिल्म काळी-पांढरी, मुकी. तिचं एक तंत्र होतं. अर्धी रुंदी आधी चालायची, मग स्पूल, म्हणजे फिल्मचं रीळ, काढून उलटं घालायचं आणि उरलेली अर्धी चालवायची. तो उलटवण्याचा क्षण जोखमीचा. जरा उजेड शिरला की त्या टोकावरचं सगळं पांढरं. यशवंत ते घोंगड्याखाली करायचा. डोक्यावरून काळं घोंगडं ओढून बसायचा, आतून नुसती खुडबुड, आणि मग एक हात बाहेर येऊन चुटकी वाजवायचा. झालं. त्याच्या हातून कधी उजेड शिरला नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्याच्या हातून कधीही उजेड शिरला नाही.

आणखी एक. त्या फिल्मला निगेटिव्ह नसायची. कॅमेऱ्यात जी फिरायची तीच मुंबईला जायची, धुऊन परत यायची, आणि तीच आम्ही कापायचो, जोडायचो. दुसरी प्रत नाही. एकदा गेलं ते गेलं.

*

पाणी विहिरीतून निघून उसापर्यंत कसं पोचतं, एवढंच दाखवायचं होतं. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. वाहतं पाणी दिसलं तरी माणसं थांबून बघायची. शेवट मात्र माझा, घाटावर भडंग खाता खाता सुचलेला.

आमच्या मळ्यात वस्तीतल्या बायका पाण्याला यायच्या. पण थारोळ्यावर नाही. पाटातून घ्यायचं, आणि तेही दुसरा बांध ओलांडल्यावर. तशी कुठं पाटी लावलेली नव्हती. जन्मलेल्या पोराला आई कोण ते जसं कळतं तसं हे सगळ्यांना कळत होतं. माझ्या शेवटात वस्तीतली एक बाई पाटापाटानं, वाहत्या पाण्याच्या उलट चालत येते. बांध मागं टाकते, थारोळ्यावर चढते, पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरून पाणी पिते. बस्स. मला माझाच फार अभिमान वाटला.

यशवंतनं भडंगाचा कागद चुरगाळला. मग म्हणाला, "आणि पिणारी कुठनं आणायची?" मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "आईला इचारतो."

अनसाबाई त्याची आई. लहानपणी मी तिला 'ए अनसा' म्हणायचो. आमच्या घरातलं शेंबडं पोरही तसंच म्हणायचं, आणि ती 'जी, धाकलं मालक' म्हणायची. शूटिंगच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मावशी म्हटलं. तिनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय का म्हणून.

तिनं एकच प्रश्न विचारला. "आबास्नी इचारलंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी कारखान्याच्या कामाला कराडला गेले होते. म्हणून तर तो दिवस धरला होता.

आधी तिचे पाय घेतले. यशवंत पाटाच्या काठावर पालथा पडून चावी देत होता आणि ती पाण्यातून चालत येत होती. गाळ ढवळत होता, घोट्यांभोवती भोवरे फिरत होते. दुसरा बांध आला तशी तिची चाल मंदावली. तिथं अर्धी फिल्म संपली. यशवंतनं घोंगडं ओढलं. अनसाबाई थारोळ्याच्या कडेशी येऊन उभी राहिली, दगडाला पाय न लावता. घोंगड्यातली खुडबुड बराच वेळ चालली तेव्हा ती म्हणाली, "येशा, अंडी उबवाय बसलायस व्हय रं?" आतून हसू ऐकू आलं, मग हात बाहेर आला आणि चुटकी वाजली.

मी तिथं थांबलो नाही. वाटेवर जाऊन उभा राहिलो, कुणी येतंय का बघायला. माझ्या पाठीशी इंजिन धडधडत होतं, पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि मी मळ्याकडं पाठ करून धुळीत डोळे लावून होतो. ज्या शेवटाचा मला अभिमान होता तो घडताना मी पाहिलाच नाही.

*

खोलीच्या खिडकीला चादर लावून आम्ही दिवसाचा अंधार करायचो. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी फिल्मचे तुकडे लटकत असायचे, खाली उशीचा अभ्रा, पडलेलं झेलायला. टोक खरवडायचं, डिंकाचा थेंब लावायचा, दाबून धरायचं आणि श्वास रोखायचा. त्या डिंकाला पिकून फुटलेल्या केळ्यासारखा वास होता. हळद आणि केळं. अजून कुठं हे दोन वास एकत्र आले तर मी तिथून उठतो. बघायला एक छोटं यंत्र होतं, हातानं दांडा फिरवायचा, आतला दिवा लागायचा आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काचेवर चित्र हलायचं. एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं बघायचं. बैलाची शेपटी पुढं की मागं ठेवायची यावरून आम्ही दोन दिवस भांडलो होतो. तो म्हणायचा, "मालक, बैल तुमचा, शेपटी माझी." इतकं हसलो होतो की तुकडे अभ्र्यात पडले.

शेवटचं स्पूल आलं तेव्हा यशवंत गावी गेला होता. त्याच्या आदल्या रविवारी मीही घरी जाऊन आलो होतो. जेवता जेवता आबा म्हणाले, "आपली हिर दिसणार म्हणं पिक्चरमदी. येतो आमी. चार मंडळी घिऊन येतो." एवढंच. ते खूश होते. मला वाढलेली भाकरी मी संपवली.

मी एकट्यानं दांडा फिरवला. काचेवर अनसाबाई आली. थारोळ्यावर चढली, ओंजळ धरली, पाणी प्याली. मी दांडा उलटा फिरवला. पाणी तिच्या तोंडातून ओंजळीत आलं, ओंजळीतून वर उडून पाइपात शिरलं, आणि ती पाठमोरी न होता मागं मागं उतरत गेली, बांधापलीकडं. पुन्हा सुलटा. पुन्हा उलटा. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे. शेवटी ती बांधापलीकडं असताना मी थांबलो.

आणि कापलं.

का ते सांगत बसणार नाही. सांगायला लागलो की ते आबांवर जातं, आणि आबांनी तर काहीच म्हटलं नव्हतं.

तुकडा खिशात घालून पुलावर गेलो. वरून सोडला. बुडेल असं वाटलं होतं. बुडाला नाही. उलगडत गेला, विरोळ्या सापासारखा वळवळत पाण्यावरून चालला, उन्हात मधेच चमकायचा. धुणं धुणाऱ्या एका बाईनं तो जाताना मान वळवून पाहिला आणि परत कपडे आपटायला लागली.

यशवंत परतला. मी म्हणालो, स्पूल उलटताना उजेड शिरला बहुतेक, शेवटचं सगळं पांढरं आलंय.

तो चिडला नाही. आपल्या हातांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बघू तुकडा."

"टाकला. पांढराच होता."

"टाकलास?"

दुसऱ्या दिवशी मी खोलीवर आलो तर तो गच्चीत उभा होता. घोंगडं दोन्ही हातांनी उन्हात धरून त्याच्यामागून सूर्याकडं बघत होता, इंच इंच सरकवत. भोक शोधत होता. मी जिन्यावरूनच परत फिरलो.

*

संमेलनात आमचा सिनेमा लागला. शेवटी पाटातून येणारे पाय बांधाशी थांबतात आणि मग नुसतं थारोळं, पाणी पडतंय, कुणी नाही. ते रिकामं थारोळं मी आधीच्या स्पुलातून जोडलं होतं. मराठीच्या सरांनी व्यासपीठावरून सांगितलं, शेवट किती सूचक आहे, काही न दाखवता सगळं दाखवलं. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. यशवंत प्रोजेक्टरपाशी होता, त्यानं मान वर केली नाही. आबा पुढच्या रांगेत मंडळींना पडद्यावर दिसलेल्या आपल्या बैलांचं सांगत होते.

अनसाबाई एस.टी.नं आली होती, धुवट लुगडं नेसून. यशवंतनं तिला आधीच सांगितलं होतं, माझ्या हातनं तुझं तोंड गेलं. तरी आली. मागं भिंतीशी बसली. संपल्यावर मी समोर गेलो, जाणं भाग होतं. ती हसून म्हणाली, "माजंच पाय हुतं न्हवं? भेगा वळखल्या मी." मग यशवंतकडं वळून म्हणाली, "असू दे रं. माजं तोंड काय बघायचं हाय? पानी तर प्यालेच की म्या."

कॅमेरा दुसऱ्याच दिवशी सरांच्या कपाटात परत गेला. यशवंत नंतर कधी त्या कपाटाकडं फिरकला नाही. कॉलेजचं उरलेलं वर्ष आम्ही एकाच खोलीत काढलं, पण तो सायकल हातात धरून चालायला लागला आणि मी पुढं जायला लागलो. त्याला मिरजेच्या हायस्कुलात गणित शिकवायची नोकरी लागली त्या साली अनसाबाई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. कळलं तेव्हा मी साताऱ्यात होतो, कचेरीत. पाणी प्यायला उठलो आणि माठाशी तसाच उभा राहिलो.

तेव्हापासून ती येते. पाणी उंचावरून पडत असलं की येते. टाकी भरून वाहते तेव्हा, शेजारी कुणी पाइपानं गाडी धुतं तेव्हा. कधी सुलटी येत नाही. पाणी तिच्या तोंडातून निघतं, ओंजळीत साठतं, वर उडतं, आणि ती मागं मागं उतरत जाते. मी रोज नळ सोडतो, रोज तिची तहान परत येते.

*

त्या दिवशी विहिरीवरून मी साताऱ्याला परतलो नाही. उलट दिशेची गाडी धरली आणि सांगलीत उतरलो. यशवंतनं तिथंच घर बांधलंय एवढं ठाऊक होतं. दारात झेंडूची रोपं होती. त्यानं दार उघडलं, केस पार पांढरे, चष्मा कपाळावर. क्षणभर बघून म्हणाला, "अरे, मालक." त्यात टोमणा होता की जुनी सवय, कळलं नाही.

सुमनवहिनींनी चहा ठेवला. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी हार घातलेली तिसरी चौकट. तिच्यात चेहरा नव्हता. सुंदर वळणदार अक्षरात नुसतं नाव होतं. अनसूया. मी त्या नावासमोर बसून बोललो. पुलापर्यंत सगळं सांगितलं. चहावर साय धरली.

यशवंतनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी भंगार मागत गेलं, तो आवाज गल्लीच्या टोकाला गेला. का केलंस, असं त्यानं विचारलं नाही. त्याची मी तयारी करून गेलो होतो.

तो म्हणाला, "पोरीला, सुजाताला, फोटोचं शिकायचं होतं. पुण्याला जाते म्हणत होती. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, आपल्या हाताला ते नाही, बाळ. मी माझ्या आईला घालवलंय." थांबला. "बँकेच्या परीक्षेला बसवली तिला."

मी खाली बघत होतो.

"सुमन," त्यानं आत हाक मारली, "सुजाताला घेऊन बाहेर ये. बसा इथं. ह्यांनी आईला बघितलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सांग."

"तू होतास की कॅमेऱ्यामागं," मी कसंबसं म्हणालो.

"मी एक डोळा मिटून चौकट सांभाळत होतो, गड्या. चावी संपंल का, ऊन सरकंल का. म्हटलं, आई काय, धुऊन आली की बघू सावकाश. तूच बघितलंयस. सांग त्यांना."

मायलेकी समोर बसल्या. सुजाताची हनुवटी अनसाबाईची आहे. मी सांगायला लागलो. थारोळ्यावर चढताना तिनं आधी दगडाला हात लावला आणि तो कपाळाला नेला, मग पाय ठेवला. पाइपाखाली ओंजळ धरली तर धारेच्या जोरानं ओंजळ खाली गेली, पाणी अंगावर उडालं. दुसऱ्यांदा तिनं कोपरं पोटाशी रोवली.

"आजी हसली का?" सुजातानं विचारलं.

हसली म्हणालो असतो तर त्या घराला बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "हसली नाही. घाईनं प्याली. पिताना दोनदा वाटेकडं बघितलं, मी उभा होतो तिकडं. मग परत ओंजळ भरली, आणि ती मात्र सावकाश प्याली. डोळे मिटून. उरलेल्या पाण्याचा हात तोंडावरनं, मानेवरनं फिरवला. नंतर सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलली. ओठ हलले. काय म्हणाली ते मला माहीत नाही. फिल्म मुकी होती, आणि मी लांब होतो."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, ती सुलटी चालली होती.

सुमनवहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. यशवंत चौकटीकडं बघत नव्हता, आमच्याकडंही नाही.

"लय गार हाय," तो म्हणाला.

सुजातानं त्याच्याकडं पाहिलं.

"असं म्हणाली. 'येशा, हितं लय गार हाय रं.' आमच्याकडं पाटानं येईस्तवर ते कोमट व्हायचं. तिला वाटायचं, त्या हिरीचं पाणी तसंच असतं."

बऱ्याच वेळानं मी उठलो. यशवंत दारापर्यंत आला नाही, जागेवरूनच बोलला. थोरला मुलगा येत्या रविवारी मुंबईहून येतोय म्हणाला, त्यालाही हे ऐकायला पाहिजे, आणि तुझ्याच तोंडून.

मी येतो म्हटलं.